पिशवी धुतलीत, पण वाळवलीत का?

गेल्या अंकात घरातलं प्लास्टिक वेगळं काढण्याबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या आणि शंका असतील तर कळवा, असं म्हटलं होतं. टपालाने आणि ई-मेलने मिळून इतकी पत्रं आली, की एकेकाला उत्तर देणं अवघड झालं. म्हणून सारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं देते आहे.

नव्या वाचकांसाठी थोडं माझ्याविषयी. भोसरीजवळ आमचा प्लास्टिकचा दाणा करायचा छोटा कारखाना होता. भंगारातून जुन्या पिशव्या, डबे, कॅन विकत घ्यायचे, दळायचे, धुवायचे, वितळवून त्यांचा दाणा पाडायचा आणि तो पाइपवाल्यांना, बादल्या करणाऱ्यांना विकायचा, हा आमचा धंदा. यंत्रं यजमान बघायचे. आलेला माल पारखून घेण्याचं काम २२ वर्षं माझ्याकडे होतं. पोत्याचं तोंड सोडलं की नाकाला आणि बोटांना जे कळायचं, त्यावर भाव ठरायचा. खालची उत्तरं त्याच पोत्यांनी शिकवलेली आहेत.

दुधाच्या पिशव्या धुवून द्या, असं तुम्ही लिहिलंत. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. कचऱ्यात जाणाऱ्या वस्तूवर पाणी कशाला घालवायचं, असं माझा मुलगा विचारतो. त्याला काय सांगू?
— एक गृहिणी, छत्रपती संभाजीनगर

मुलाचं म्हणणं रास्त आहे. पिशवीसाठी वेगळं पाणी घेऊच नका. पिशवी पातेल्यात रिकामी केली की तिच्यात दोन-तीन चमचे पाणी घालून हलवायचं आणि तेही पातेल्यातच ओतायचं, हे आपल्या आया-आज्या करत आल्याच आहेत. दुसऱ्या खेपेला तांदूळ धुतलेलं पाणी घ्या आणि ते कुंडीत ओता. साबणाची गरज नाही. मग पिशवीची एक कड पूर्ण कापून ती सपाट उघडा आणि ओट्यामागच्या टाइल्सवर चिकटवून द्या. ओली पिशवी तिथे आपोआप चिकटते आणि वाळली की आपोआप सुटून खाली पडते. पडलेल्या पिशव्या एका कापडी पिशवीत जमवत जायच्या.

धुण्याबद्दल सगळे विचारतात, वाळवण्याबद्दल कोणी विचारत नाही. माझ्या दृष्टीने खरी गोष्ट वाळवण्याचीच आहे. मे महिन्यात एकदा पिंपरीच्या बाजूने दुधाच्या पिशव्यांची सहा पोती आली होती. पिशव्या धुतलेल्या होत्या, पण ओल्याच घड्या करून भरलेल्या. पहिल्या पोत्याची सुतळी सोडली आणि आंबलेल्या दुधाचा असा भपकारा आला, की दाराशी उभा असलेला हमाल चार पावलं मागे सरला. घड्यांच्या आत हिरवट बुरशी धरली होती, पिशव्या एकमेकींना चिकटून त्यांच्या वड्या झाल्या होत्या. त्या आमच्या दोन बायकांनी दिवसभर बसून हाताने सोडवल्या. संध्याकाळी त्यांच्या बोटांची सालं निघाली होती. आणि एवढं करूनही ओल आत राहिली तर यंत्रात तिची वाफ होते, दाणा आतून पोकळ पडतो, त्या दाण्याच्या पाइपला छिद्रं राहतात. म्हणून ओल्या मालाच्या वजनात आम्ही कडता, म्हणजे वजावट, धरायचो. तो कडता कारखान्याकडून भंगारवाल्यावर जायचा, भंगारवाल्याकडून कचरा वेचणाऱ्या बाईवर. तुमच्या घरातली ओल शेवटी तिच्या पदरात पडते.

आणखी एक. पिशवी फोडताना कोपऱ्याचा तुकडा कापून टाकू नका. चीर द्या आणि तुकडा पिशवीलाच लोंबता राहू द्या. तो नखाएवढा तुकडा ओट्यावरून खरकट्यात जातो, खरकट्यातून खतात किंवा नाल्यात, आणि मग तो कोणाच्याच हाताला लागत नाही. माझ्या काट्यावर अर्ध्या लिटरची कोरडी पिशवी तीन ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे एक किलो भरायला तीनशेच्या वर पिशव्या लागतात. रोज दोन पिशव्या घेणाऱ्या घराला पाच-सहा महिने. एका घराचं हे वजन फार नाही, पण चाळीस घरांच्या सोसायटीत आठवड्याला दीड-पावणेदोन किलो होतं, आणि दुधाच्या पिशवीला भंगारात मागणी असते. तिचं प्लास्टिक चांगल्या जातीचं, त्यावर छपाईही बेताची.

डब्यांच्या तळाशी त्रिकोणात आकडे असतात. ते बघून सात डबे करावेत का? माझ्या पतींनी तक्ता करून फ्रिजवर लावला आहे, पण आमच्या कचरेवाल्या ताई सगळं एकाच पोत्यात घेऊन जातात.
— ठाणे

तुमच्या यजमानांच्या मेहनतीचं मला कौतुक आहे. तक्ता राहू दे, सात डबे मात्र नकोत. हे आकडे अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाच्या संघटनेने १९८८ मध्ये आणले. ते फक्त प्लास्टिकची जात सांगतात. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचं पेट, २ म्हणजे तेलाच्या कॅनचं आणि शाम्पूच्या बाटलीचं जाड पॉलिथीन, ३ पीव्हीसी, ४ पिशव्यांचं मऊ पॉलिथीन, ५ पॉलिप्रॉपिलीन, ६ पॉलिस्टायरीन, म्हणजे थर्माकोल ज्याचा होतो ते, आणि ७ मध्ये उरलेलं सगळं. त्रिकोण आहे म्हणजे वस्तू पुन्हा वापरात येतेच, असं धरून चालू नका. तुमच्या भागात तो माल घेणारा कोणी असेल तरच ती जाते.

वर्गीकरणाच्या शेडमधल्या बायका आकडा बघत बसत नाहीत. वस्तू हातात आली की आवाजावरून, वाकण्यावरून त्यांना जात कळते. पेटची बाटली चुरगाळली की कडकड वाजते. शाम्पूची बाटली दाबली की मुकी दबते आणि फुगून पुन्हा वर येते, म्हणून त्या जातीला आमच्याकडे ‘फुगा’ म्हणत. तुम्ही घरात सुक्या कचऱ्यातलं प्लास्टिक दोन पिशव्यांत ठेवलं तरी पुष्कळ झालं. एकीत कडक वस्तू, म्हणजे बाटल्या, डबे, झाकणं. दुसरीत मऊ पिशव्या. दोन्ही कोरड्या.

हॉटेलच्या जेवणाचे काळे डबे बहुतेक ५ नंबरचे असतात. माल चांगला असतो, पण रंग काळा, त्यामुळे त्याचा पुढे काळाच दाणा होतो आणि भाव कमी मिळतो. तरीही द्या. फक्त आतली तर्री पुसून. ग्रेव्हीचं तेल गार पाण्याने जात नाही, म्हणून आधी रद्दीच्या तुकड्याने पुसून घ्यायचं, मग भांडी घासताना शेवटच्या पाण्यात बुडवून काढायचं. तो तेलकट कागद ओल्या कचऱ्यात.

वेफर्स आणि बिस्किटांची वेष्टनं आमच्या कचरेवाल्या ताई घेत नाहीत, परत देतात. बाकीचं सगळं नेतात. ही त्यांची मनमानी नाही का? आम्ही ती वेष्टनं पाण्याच्या बाटलीत ठासून भरतो. ते योग्य आहे का?
— हडपसर, पुणे

मनमानी म्हणू नका. वेफर्सचं पाकीट एकदा फाडून, आतली चकचकीत बाजू उजेडात धरून बघा. बाहेर छपाईचा पापुद्रा, मध्ये ॲल्युमिनियमचा मुलामा आणि आत उष्णतेने चिकटणारा पापुद्रा. कागदापेक्षा पातळ, पण तीन वस्तू एकमेकींना घट्ट चिकटवलेल्या. त्या सुट्या करायला आमच्यासारख्या कारखान्याकडे काही साधन नसतं. वितळलेलं प्लास्टिक आम्ही बारीक जाळीतून गाळायचो. अशी दहा-वीस पाकिटं चुकून मालात आली तरी जाळी तुंबायची, यंत्र थांबवून तापलेली जाळी सांडशीने काढून नवी बसवायला लागायची. म्हणून आम्ही ती घेत नसू, म्हणून भंगारवाला घेत नसे, आणि म्हणून ताईंना त्याचा एक पैसा मिळत नाही. पाठीवरून वाहून न्यायचं आणि हातात काही पडायचं नाही, असं ते ओझं आहे.

ती वेगळ्या पिशवीत साठवा आणि महिन्यातून एकदा द्या. काही शहरांत अशी वेष्टनं सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात. तिथे तापमान १४०० अंश सेल्सिअसच्या वर असतं. तुमच्या सोसायटीला एवढं विचारता येईल, की आपल्या प्रभागाचा न विकला जाणारा सुका कचरा पुढे कुठे जातो.

बाटलीत ठासून भरण्याबद्दल मात्र मला स्पष्ट सांगितलं पाहिजे. शाळांमधून हा उपक्रम करून घेतात, मुलं मनापासून करतात, म्हणून वाईट वाटतं. पण पेटची स्वच्छ बाटली ही सुक्या कचऱ्यातली सगळ्यांत खपणारी वस्तू आहे. तिचा धागा निघतो, उशांमधला कापूस होतो, कापड होतं. तिच्या पोटात वेष्टनं कोंबली, की तीही वेष्टनांच्या लायकीची होते. पुढे ती फोडून आतलं काढायला कोणी बसत नाही. बाकाच्या किंवा भिंतीच्या बांधकामासाठी कोणी खरोखर मागत असेल तर गोष्ट वेगळी. नुसत्या भरून ठेवलेल्या बाटल्यांचे ढीग मी शाळांच्या जिन्याखाली पाहिले आहेत.

आमच्या गावात घंटागाडी येत नाही. सासूबाई रोज सकाळी बंब पेटवताना दुधाच्या पिशव्या, साबणाची वेष्टनं, तुटक्या चपला असं सगळं घालतात. पटकन पेट घेतं म्हणतात. मला धुराने ठसका लागतो. त्यांना दुखवायचं नाही, पण सांगू कसं?
— एक सूनबाई, सातारा जिल्हा

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. लग्न होऊन आले तेव्हा आमच्याकडेही बंब होता आणि आमच्या सासूबाईही हेच करायच्या. तेव्हा कोणाला काही वाटत नसे. प्लास्टिक पेट घेतं कारण ते तेलापासूनच केलेलं असतं. त्यांचा अनुभव खोटा नाही, तेव्हा सुरुवात ‘तुमचं चुकतं’ अशी करू नकोस.

धुरात काय असतं ते सांगते. दुधाची पिशवी जळाली तर काजळी आणि घशाला झोंबणारा धूर होतो. पण चपला, रेक्झिनची पर्स, वायरीचं आवरण, गोळ्यांची पाकिटं यात बऱ्याचदा पीव्हीसी असतं. ते जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते आणि डायॉक्सिन नावाची विषारी द्रव्यं तयार होतात. बंबाच्या आचेसारखी मंद, अर्धवट आच त्यांना फार सोयीची. वर सिमेंटच्या भट्टीचं लिहिलं, ती हजार अंशांच्या पलीकडची कडक आच. बंब तिथवर पोचत नाही. धूर पहिल्यांदा लागतो तो पेटवणाऱ्याला, म्हणजे त्यांनाच, आणि मग शेजारी गुडघ्याला चिकटून उभ्या असलेल्या नातवंडाला.

आमच्याकडे ही सवय सुटली ती राखेमुळे. सासूबाई बंबाची राख भांड्यांना वापरायच्या आणि उरलेली परड्यातल्या अळवाला घालायच्या. एकदा त्यांनीच राख चाळली तर चाळणीत काळे, काचेसारखे टणक खडे राहिले. वितळून गोठलेलं प्लास्टिक. मी एवढंच म्हटलं, “आई, हेच आपण ताटं घासायला घेतो आणि अळूच्या मुळाशी घालतो.” त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी बंबाजवळ चिपाडं आणि नारळाच्या सोडणाचा ढीग लावलेला होता. तूही राख चाळून त्यांच्यासमोर ठेव. बोलायची गरज कमी पडेल.

आता प्लास्टिकचं काय करायचं. दोन पोती कर, पावसाच्या झडीपासून आडोशाला ठेव. एकात दुधाच्या-तेलाच्या पिशव्या, दुसऱ्यात बाटल्या, डबे, फुटक्या बादल्या. सायकलवर किंवा टेम्पोत भंगारवाला येतोच. एका घरच्या दोन किलोंसाठी तो थांबत नाही, पण वाडीतल्या दहा घरांचं एकत्र असेल तर हाक न मारता थांबेल. बचत गटात असशील तर तिथे विषय काढ. महिन्याच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपलं कोरडं प्लास्टिक आणायचं, एवढंच. आणि ग्रामसभेत विचारा. स्वच्छ भारत मिशनच्या ग्रामीण भागासाठीच्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे २०२० नंतर, तालुका पातळीवर प्लास्टिकवर प्रक्रिया करणारं केंद्र उभारायची तरतूद आहे. आपल्या तालुक्याचं केंद्र कुठे आहे आणि आपल्या गावचा माल तिथे कोण नेणार, हा प्रश्न ग्रामसेवकांना विचारायचा तुम्हाला हक्क आहे. लहान गावांना जमत नाही असं कोणी म्हणालं तर वेंगुर्ल्याचं नाव सांगा. तिथल्या नगरपरिषदेने कचरा डेपोवर वर्गीकरण सुरू केलं, प्लास्टिकचे बारीक तुकडे करून डांबरी रस्त्यांत वापरले, आणि लोक मुद्दाम बघायला येतील अशी ती जागा करून दाखवली. रस्त्यात प्लास्टिक वापरायची पद्धत मदुराईच्या प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांची. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली.

आम्ही वेगळं करून देतो आणि गाडीत सगळं एकत्र होतं. मग कशाला करायचं? सभासद मला हाच प्रश्न विचारतात आणि माझ्याकडे उत्तर नसतं.
— एका सोसायटीचे सचिव, नवी मुंबई

सचिवसाहेब, तुमची अडचण मी स्वतः भोगली आहे. आमच्या इमारतीचा कचरा नेणारा कंत्राटदार दोन डबे एकाच हौद्यात रिकामे करायचा. खिडकीतून ते बघितलं त्या दिवशी मलाही वाटलं, की पुरे झालं. रागाच्या भरात दोन आठवडे मीही वेगळं ठेवलं नाही. आज त्याची खंत वाटते, कारण त्या दोन आठवड्यांत आमच्या जिन्यातल्या तीन घरांनी मला बघून सोडून दिलं.

शेवटी आम्ही असं केलं. ओला कचरा रोज, सुका मात्र फक्त बुधवारी आणि शनिवारी. बाकीच्या दिवशी सुका खाली आणायचाच नाही. तो कोरडा असतो, घरात वास मारत नाही, चार दिवस राहू शकतो. एका वेळी गाडीत एकच प्रकार गेला, की मिसळायला काही उरतच नाही. तुमच्याकडे वाहनांना कप्पे असतील, तर आठवडाभर कोणीतरी रोज खाली उभं राहून तारीख, वेळ आणि फोटो नोंदवा आणि ती नोंद प्रभाग कार्यालयात लेखी द्या. घनकचऱ्याचे नियम घरांवर वर्गीकरणाची जबाबदारी टाकतात, तशीच ते वेगळं उचलण्याची जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकतात. तोंडी तक्रारीला ‘बघतो’ असं उत्तर मिळतं. कागदाला आवक क्रमांक मिळतो.

शक्य असेल तिथे सुका कचरा गाडीत टाकण्याऐवजी माणसाच्या हातात द्या. पुण्यात १९९३ साली कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली आणि २००८ मध्ये त्यातूनच ‘स्वच्छ’ ही त्यांची सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरी जाऊ लागली. घरं महिन्याला शुल्क देतात आणि सुक्या कचऱ्यातल्या विक्रीचे पैसे त्या ताईंचे असतात. ज्या हाताला त्या बाटलीचे पैसे मिळणार आहेत, तो हात ती खरकट्यात जाऊ देत नाही. नवी मुंबईत तुमच्या वसाहतीजवळ जो भंगारवाला किंवा जे कचरावेचक असतील, त्यांच्याशी ठरावीक वाराचं बोलून बघा.

किराणा दुकानात आता ‘कंपोस्टेबल’ लिहिलेल्या पिशव्या मिळतात. त्या प्लास्टिकमध्ये टाकायच्या की ओल्यात?
— नाशिक

प्लास्टिकमध्ये अजिबात नको. दिसायला आणि हाताला ती साध्या पिशवीसारखीच लागते, पण तिचा घटक वेगळा आहे. चांगल्या मालात मिसळली तर दाणा बिघडवते. घरच्या कुंडीतल्या खतातही ती महिनोन्महिने तशीच राहते, कारण तिला मोठ्या खतप्रकल्पाची उष्णता लागते. तुमच्या शहरातला खतप्रकल्प घेत असेल तर ओल्या कचऱ्याबरोबर, नाहीतर न विकल्या जाणाऱ्या सुक्यात. बरं, महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकच्या हातपिशव्यांवर बंदी आहे, त्यामुळे काही दुकानदार साध्या पिशवीवरही हा शब्द छापून घेतात. प्रमाणपत्राचा क्रमांक आणि उत्पादकाचं नाव नसेल तर घेऊ नका. जुन्या साडीच्या चार पिशव्या शिवून दाराच्या खुंटीला अडकवल्या की हा प्रश्नच मिटतो.

मी जर्मनीत राहते. इथे दह्याच्या कपाचं झाकणसुद्धा सुटं करून टाकतात. आईकडे नागपूरला आले की ती सगळं एकाच डब्यात टाकते आणि म्हणते, भंगारवाला काढतो की! तिचं बरोबर आहे का?
— फ्रँकफर्ट

अर्धं बरोबर आहे. तुमच्याकडे बाटली परत केली की २५ सेंट मिळतात, २००३ पासून ती पद्धत आहे, म्हणून बाटली रस्त्यावर पडत नाही. आपल्याकडे ते २५ सेंटचं काम भंगारवाल्याच्या काट्याने आणि वेचणाऱ्यांच्या हातांनी केलं आहे, तेही कोणत्याही कायद्याआधीपासून. आईचा त्या माणसावरचा विश्वास खरा आहे. फक्त तो काढतो ते भाजीच्या सडक्या देठांतून आणि माशांच्या काट्यांतून, हे तिला सांगा. दोन डबे ठेवले की झालं. झाकण सुटं करायची तुमची सवय मात्र इथेही चालू ठेवा. दह्याच्या कपावरचं चकचकीत झाकण पूर्ण ओढून काढलं, की कपाचा माल होतो.

गोळ्यांची रिकामी पाकिटं, इन्सुलिनच्या सुया, बाळाचे डायपर यांत प्लास्टिक असतं. सुक्यात टाकायचे का?
— तीन वेगवेगळ्या गावांहून

नाही. हे उत्तर कृपा करून कापून फ्रिजवर लावा.

आमच्याकडे माल निवडायला एक मावशी होत्या. १४ वर्षं काम केलं त्यांनी. एकदा शाम्पूच्या बाटलीत कोणीतरी दाढीची पाती घालून वर बूच लावलं होतं, कदाचित काळजीनेच, कोणाला लागू नये म्हणून. बाटली कापताना पातं उसळून त्यांच्या अंगठ्याच्या मुळाशी शिरलं. टाके पडले, आणि त्या अंगठ्यात पुन्हा पूर्वीची पकड आली नाही. निवडणाऱ्याचा अंगठा गेला म्हणजे अर्धी रोजी गेली.

तेव्हा सुया आणि पाती जाड प्लास्टिकच्या किंवा पत्र्याच्या डब्यात साठवा, झाकण चिकटपट्टीने बंद करा, वर मोठ्या अक्षरांत ‘सुया’ लिहा आणि घरातला घातक कचरा म्हणून वेगळा द्या. जवळचा दवाखाना घेत असेल तर तिथे द्या. डायपर आणि पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल पेनने मोठा ठिपका काढा. पुण्यातल्या कचरावेचकांनीच ही लाल ठिपक्याची खूण रूढ केली. उघडून बघायची वेळ त्यांच्यावर येऊ नये, एवढीच तिची मागणी. गोळ्यांच्या पाकिटात पीव्हीसी आणि ॲल्युमिनियम चिकटवलेलं असतं, ते वेफर्सच्या वेष्टनांच्या पिशवीत.

मी सहावीत आहे. पाण्याच्या बाटलीचं बूच काढून द्यायचं की लावून? बाई म्हणाल्या काढून, बाबा म्हणाले लावून.
— कोल्हापूर

तुझ्या बाई आणि बाबा, दोघांकडेही कारण आहे. बूच घट्ट लावलेलं असेल तर बाटलीतली हवा निघत नाही, ती चेपत नाही आणि ताईंच्या पोत्यात फुकट जागा अडवते. आणि सुटं बूच इतकं लहान असतं, की ते कुठेतरी घरंगळून जातं. तू असं कर. आधी बाटली रिकामी करून उलटी ठेव, निथळू दे. मग पाय देऊन चेपून टाक आणि चेपल्यावर बूच परत लाव. म्हणजे दोन्ही गोष्टी साधतात.

बूच आणि बाटली वेगवेगळ्या प्लास्टिकची असतात, मग कारखान्यात ती सुटी कशी करतात, असं तू पुढच्या पत्रात विचारशील, म्हणून आत्ताच एक प्रयोग देते. आईला किंवा बाबांना सांगून बाटलीचा एक तुकडा आणि बुचाचा एक तुकडा कात्रीने कापून घे. एका पातेल्यात पाणी घे. दोन्ही तुकडे बोटाने पूर्ण बुडव, त्यांना चिकटलेले हवेचे बुडबुडे झटकून टाक आणि मग सोडून दे. नंतर दुधाच्या पिशवीचा आणि जुन्या पेनच्या नळीचा तुकडाही टाकून बघ. कोणता तळाला गेला आणि कोणता वर राहिला, ते वहीत लिहून मला पाठव. तुझा तक्ता पुढच्या अंकात छापू.